पाळकसाहेबांची भीती

प्रिय सोमेश्वर,

चर्चची सगळी मंडळी तुला पाळकसाहेब म्हणते. पण आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन मीच वाढवलं, म्हणून नावानंच लिहिते. तब्येत बरी असेल. सगळीकडे कापूस फुटून शेतं पांढरी झालीत, आणि वेचायला माणूस मिळत नाही.

हे वाचताना तुला चर्चच्या वसतिगृहातल्या मुली आठवतील. आठवायलाच हव्यात. चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष भुजंगराव यांच्या शेतात तू त्या लेकरांना शाळा बुडवून वेचणीला पाठवलंस. बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं सोललेली मी पाहिली. संडेस्कूल शिकवणाऱ्या आपल्या अक्षतानं कमिटीच्या बैठकीत उभं राहून विचारलं, "या पोरी शिकायला आल्यात का राबायला?" भुजंगराव नुसते हसले. तुझा चेहरा मात्र उतरला.

पुढच्या रविवारी तू उपदेशात म्हणालास, देवानं नेमलेल्या माणसावर जी बाई बोट रोखते, तिच्या कुशीला शाप लागतो. नाव घेतलं नाहीस. घ्यायची गरजच नव्हती, अक्षताला दिवस गेलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं तिचं लेकरू पोटातच गेलं, तेव्हा तू परत व्यासपीठावर उभा राहून सांगितलंस की देव आपल्या सेवकाची बाजू घेतो. आणि लोक आमेन म्हणाले. ज्यांनी तिच्या डोहाळजेवणाचं ताट वाढायचं, त्याच बायका मान खाली घालून आमेन म्हणाल्या.

मी तुझ्या घरी येऊन तुला जाब विचारला. तू दार लावून घेतलंस आणि हळू आवाजात म्हणालास, "अक्का, भुजंगराव माझी बदली करून राह्यलेत. तुला यातलं काही कळत न्हाई. लोकांना धाक नसला तर मंडळी टिकत न्हाई." तेव्हा कळलं, तू स्वतःच भ्यालेला आहेस. येशूचा न्याय करायला बसलेला सुभेदार पिलातही असाच भ्याला होता. समोरचा माणूस निर्दोष आहे हे त्याला बराबर कळत होतं, पण खुर्ची जाईल म्हणून त्यानं त्याला लोकांच्या हवाली केलं. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि तू तर ती दुसऱ्यांना शिकवतोस. प्रभूनं आपल्या माणसांचे पाय धुतले रे. तू त्याच्याच नावानं माणसांना भिववलंस.

तुझ्याकडून मी तडक अक्षताकडे गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "अक्का, मी बोलले म्हणून देवानं नेलं का माझं लेकरू?"

"न्हाई गं. देव असा न्हाई."

ती वळली. "मंग साहेब खोटं बोलले का? मंडळीत उभं राहून?"

ज्याला मी पहिली प्रार्थना शिकवली, त्याच्याबद्दल ती विचारत होती. मी म्हणाले, हो, खोटं बोलला. मग ती रडली. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदा रडली, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं.

आज सकाळी आम्ही दोघी मुलींना घेऊन तालुक्याच्या ठाण्यात गेल्तो. त्यांच्यातली थोरली शिवकन्या माझा पदर धरून बसली होती. शेतात कुणी पाठवलं, असं फौजदारीणबाईंनी मायेनं विचारलं, तरी पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या. तुझं नाव घ्यायची त्यांची हिंमत होईना. शेवटी मीच घेतलं. बाईंनी विचारलं, तुमचे कोण लागतात? सख्खा भाऊ, म्हणाले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. तुला बोलावणं येईल. ते परक्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. वकील कर, माझी ना नाही. मला काय बोलायचं ते बोल. फक्त तिथं शिवकन्या समोर असेल, तिच्यावर डोळे वटारू नकोस.

तुझीच,
अक्का