विभूतीनं भरलेली पिशवी

मंगळवार, संध्याकाळ. परभणी.

व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त झाला, पण मलाच काही कळेना. काल देवघरात विभूतीचा डबा सांडला अन् मी घाईत सगळी विभूती मशीननं ओढून घेतली. लगेच मशीनचा जोर गेला, नुसती घरघर.

आज मिस्त्रीनं उघडून विचारलं, "ताई, सिमेंट ओढलं का? लय बारीक हाय, फिल्टर गच्च भरला. झटकून दिलाय. आतली कचऱ्याची पिशवी तेवढी उकिरड्यावर रिकामी करा."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "उकिरड्यावर? विभूती हाय ती!"

खरंय. पण तिच्यात आता केस आहेत, चपलांची धूळ आहे, मेलेल्या मुंग्या आहेत. मग ती अजून विभूतीच का? बेलाच्या झाडाखाली टाकावी तर कचरा, कचऱ्यात टाकावी तर विभूती. मी चाळणी काढली अन् परत ठेवली. केस निघतील, धूळ कशी निघंल?

पिशवी मशीनमध्येच आहे. आत्ता जाता जाता सासूबाईंचा पाय मशीनला लागला. त्या थांबल्या, वाकल्या, मशीनला हात लावून तो कपाळाला लावला.

आता उद्या मी घर झाडू कशानं?