विचारायला नाही, सांगायला

१४ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय,

पुढे काय लिहावं इथेच पेन अडलं. घटस्फोट झालेल्या नवऱ्याच्या आताच्या बायकोला काय म्हणून हाक मारायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. ‘मला तू म्हणा’ असं तूच म्हणाली होतीस, तेवढं धरून लिहिते.

कशी आहेस? तू पोहायला शिकवतेस ती पोरं काय म्हणतात? सोबत तुझा राहिलेला चष्मा पाठवतेय. तुला चाळिशी लागलीय, मान्य कर. समोरची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलीस, पण जवळचं कार्ड दिल्यावर हात लांब लांब जायला लागला. मला हसू आलं होतं, दाखवलं नाही. काड्या सैल वाटल्या तर कळव. आणि घालून पाण्यात उतरू नकोस.

दुकानात बोलावलं असतं तर आली असतीस. पण समोरासमोर मला हे बोलता आलं नसतं.

त्या दुपारी तू ओल्या केसांनी, अंगाला तलावातल्या औषधाचा वास घेऊन दारात उभी राहिलीस. फोटोत पाहिलं होतं, तरी ओळख दाखवली नाही. वाटलं, ही मला जोखायला आलीय. डोळे तपासायचेत म्हणालीस, म्हटलं, तपासू. आतल्या अंधाऱ्या खोलीत तपासणीची ती जड गोल फ्रेम तुझ्या नाकावर चढवून मी काचा बदलत होते, आणि तू पाटीकडे बघतच म्हणालीस, “ताई, मला एचपीव्हीचा विषाणू निघालाय. तुम्हीही एकदा तपासून घ्या.”

काच हातातून पडायची राहिली. “म्हणजे माझ्याकडून आला असं म्हणायचंय का तुला? आणि ताईबिई म्हणू नकोस मला.”

“कुणाकडून आला ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही,” तू म्हणालीस. “वर्षानुवर्षं अंगात गुपचूप बसून असतो म्हणे. तुमच्याकडून असेल, त्याच्याकडून असेल, नाहीतर लग्नाआधीच्या माझ्या कुणाकडून असेल. मी विचारायला नाही आले, सांगायला आलेय.”

एका डोळ्यावर काळी चकती, नाकावर ते लोढणं, आणि इतकं शांत बोलणं! अजून आठवलं की हसू येतं.

आपल्या उंटाने ‘जुनं कशाला उकरायचं’ म्हणून मान वळवली होती. (नवऱ्याला हे नाव मी ठेवलेलं. तूही त्याला तेच म्हणतेस हे कळल्यावर राग यायला हवा होता, आला नाही.) तुझ्या डॉक्टरही म्हणाल्या होत्या की जुन्या जोडीदारांना सांगायलाच हवं असं बंधन नाही. घरी बसायला तुला सबबी आयत्या मिळाल्या होत्या. तरी आलीस. का, म्हणून मी खेकसले, तर म्हणालीस, “तो म्हणतो, तुम्ही डॉक्टरची पायरी चढत नाही. मग मला राहवेना.”

खरंच होतं ते. जगाचे डोळे तपासते, स्वतःकडे बघत नाही.

तुला मी साधा चहा विचारला नाही. पुढचे कित्येक दिवस मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या. मग गेले.

इतका वेळ चष्म्याचं आणि उंटाचं लिहीत बसले, कारण पुढचं लिहायला धीर होत नव्हता. मलाही निघाला. गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बदलायला लागल्या होत्या. कॅन्सर नव्हे, पण त्या वाटेला लागलेल्या. तेवढा भाग काढला, त्याच दिवशी घरी आले. डॉक्टरांनी नीट समजावलं: शरीरसंबंधात कातडीला कातडी लागली की पुरतं, त्यामुळे कधी ना कधी तो बहुतेकांना होतो. बऱ्याच जणांचा आपोआप जातो, माझा गेला नाही. पुरुषांसाठी नेहमीची अशी तपासणीच नाही, म्हणून बायकांनीच तपासत राहायचं. “अजून काही वर्षं अशीच काढली असती तर...” म्हणत त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

तू आलीस म्हणून मी वाचले. हे आडवळणाने कशाला लिहू?

अजून एक आहे. घटस्फोटानंतर माझ्या आयुष्यात एक जण आला होता, वाद्यं दुरुस्त करणारा. टिकलं नाही. आता त्याचं लग्न झालंय. त्याला सांगू की नको, यात मी घोळ घालत बसले. त्याच्या घरात भांडण लागेल, मला नावं ठेवतील. फोन उचलायचा, ठेवायचा. शेवटी ती फ्रेम घातलेली तू डोळ्यांपुढे आलीस. नंबर लावला आणि सरळ तुझंच वाक्य चोरलं, “विचारायला नाही, सांगायला फोन केलाय.”

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “हिला तपासणीला नेतो. तू बरी आहेस ना?”

मला रडू फुटलं. दुकानातून निघताना तूही हेच विचारलं होतंस, “तुम्ही बऱ्या आहात ना?” आणि मी म्हणाले होते, “दुकान बंद करायचंय मला.”

उत्तर राहिलं होतं, ते आता देते. चष्मा लाव आणि नीट वाच. मी बरी आहे.

तुझी
ताई