एका समाधानी आईचं पत्र

३ तारीख, सोमवार
आजपासून मी आमच्या पीआर संघटनेच्या आचारसंहिता समितीचा अध्यक्ष. बाहेरच्यांनी नियम लादण्यापेक्षा आपले कान आपणच पिळावेत, असं भाषण ठोकलं. टाळ्या. संकल्प: यापुढे एक अक्षर खोटं लिहायचं नाही.

४, मंगळवार
स्कूलबसवाला क्लायंट आला. उतारावर ब्रेक लागले नाहीत, बस भिंतीला घासली. मुलं थोडक्यात वाचली. पालक बिथरलेत. पेपरात एखाद्या आईचं पत्र यायला हवं, म्हणाला. साफ नकार दिला. मग दुसऱ्या एजन्सीकडे जातो, म्हणाला. माणसाने इतकंही ताठ असू नये.

मंगळवार, संध्याकाळ
लिहिलं. सही: ‘एक समाधानी आई’. खोटं कसं? जगात एक तरी असेलच की! ब्रेकबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे ब्रेकबद्दल खोटंही नाही. ‘ड्रायव्हरकाका प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतात’ लिहिताना माझाच गळा दाटून आला.

६, गुरुवार
छापून आलं. बायकोने मोठ्याने वाचलं, डोळे पुसले. मी मनातल्या मनात खूश. क्लायंटची नावं घरी काढत नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व. मग ती म्हणाली, भिंतीचं ऐकून भीती वाटत होती, आता गेली. सोमवारपासून आपली लेक याच बसने जाणार, जागासुद्धा सांगून ठेवली. चहा नाकात गेला.

७, शुक्रवार
बसवाल्याला विचारलं, ब्रेक बदललेस ना? म्हणाला, पत्र इतकं झकास झालंय, आता घाई कशाला!
पत्राबद्दल समितीकडे निनावी तक्रार करावी म्हटलं. पण निनावी तक्रारी घ्यायच्या नाहीत, हा ठराव माझाच.

९, रविवार
बायकोला म्हटलं, लेकीला मी सोडत जाईन. सूर्य कुठे उगवला, म्हणाली. उद्या छातीठोकपणे सांगणार. सगळं.

१०, सोमवार, सकाळ
खाली हॉर्न. लेक दप्तर अडकवून तयार. मी दार अडवून उभा. बायकोने विचारलं, बसमध्ये काही खोट आहे का? हो की नाही, एवढंच सांग.
म्हणालो, सध्या उपलब्ध माहितीनुसार चिंतेचं कारण नाही.
ती बघतच राहिली. घरात असं कधी बोलत नाहीस, म्हणाली. लेकीच्या खांद्यावरचं दप्तर काढलं आणि तशीच धडाधड जिना उतरली.
खिडकीतून दिसतंय. बसच्या दाराशी उभी आहे. एकेक मूल खाली उतरवतेय.
बसवाल्याचा फोन आला. कोणी बाई तमाशा करतेय, दहा मिनिटांत निवेदन हवंय, म्हणाला.
लिहायला घेतलंय.