होडी कुणी उचलली

प्रिय वेइक्को,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. तळ्यावर निघायच्या आदल्या संध्याकाळी टोरांटोहून तुझा फोन. "आईली, ऑफिसात काम निघालंय गं. बाबांना तूच समजाव." काय समजावू? एकोणऐंशी वर्षांचा माणूस होडीला नवा रंग देऊन, वल्ह्यांना तेल लावून पायरीवर तुझी वाट बघत बसला होता. पुढच्या वर्षी तळं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलंय, हे मी तुला तीनदा सांगितलं होतं. तरी तू आला नाहीस. माझं डोकं अजून फिरलेलं आहे.

मी म्हटलं, "बाबा, मी नेते तुम्हाला." तर म्हणतात, "तू? आणि होडी कोण उचलणार?" चव्वेचाळीस वर्षांची बाई मी. सरपण फोडते, छपरावरचा बर्फ उपसते, पण होडी उचलणार म्हणजे वेइक्कोच! मग मीही हट्टाला पेटले.

मोठं तळं वल्हवून संपवलं आणि पुढे ती रानातली वाट, किलोमीटरभर चढाची. पस्तीस किलोची होडी उलटी करून खांद्यांवर घेतली. जून महिना, काळ्या माश्या नुसत्या घोंगावत होत्या आणि माझे दोन्ही हात होडीला अडकलेले. कानांमागून रक्त वाहत होतं, पण पुसणार कशानं? अर्ध्या वाटेवर तो टेकू आला. तू अठरा वर्षांचा झालास तेव्हा बाबांनी दोन झाडांमध्ये बांधलेला आडवा ओंडका, तुझ्या उंचीला बेतलेला. त्यावर होडीचं टोक टेकवून तू ऐटीत दम खायचास. माझ्या होडीचं टोक तिथवर पोचेचना. मागून बाबा ओरडले, "खाली ठेवू नकोस! पुन्हा एकटीला उचलता यायची नाही!" म्हणून नाही ठेवली. उरलेली वाट मी तुला फिनिशमध्ये शिव्या घालत चालले. बाबांनी सगळ्या ऐकल्या, एक दुरुस्तही करून दिली.

पलीकडच्या तळ्यावर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. आपला तंबू नेहमीच्याच खडकावर लावला. दोन दिवस बाबा होडीत पुढे बसले, जन्मात पहिल्यांदा. मागे बसून दिशा मी सांभाळली, तरी एकदाही वळून "डावीकडे घे" म्हणाले नाहीत. चांगला हातभर पाईक मासा मी गळाला लावला, लोण्यात तळला, राय धान्याच्या काळ्या पावाबरोबर खाल्ला. दुसऱ्या सकाळी कॉफी पिताना ते पाण्याकडे बघत म्हणाले, "बरं केलंस, आणलंस." मला तेवढं पुरलं असतं रे. खरंच पुरलं असतं.

शनिवारी वाफेच्या आंघोळीसाठी सौना तापवला. आधी पुरुषांची पाळी, म्हणून बाबा आणि त्यांचे नेहमीचे सोबती, ओन्नी आणि म्हातारा काले, आत होते. मी टॉवेल ठेवायला गेले, तर भिंतीपलीकडून बाबांचा आवाज. "वेइक्कोनं होडी अशी डोक्यावर घेतली, जशी टोपी घालावी! मध्ये एकदाही टेकवली नाही." काले म्हणाला, "पोरगा आला तर मग! आम्हाला वाटलं, शहरात गेला तो गेलाच." बाबा म्हणाले, "न यायला काय झालं? मासाही त्यानंच धरला." मी टॉवेल तिथंच टाकून आले. कालेचा मुलगा दर शनिवारी त्याची पाठ घासायला येतो, हे मला कळतं. बाबांना खाली बघावं लागू नये, हेही कळतं. पण माझी होडी, माझा मासा, माझी मान! रात्री जेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

हे पत्र माफी मागण्यासाठी नाही, तुला मागायला लावण्यासाठीही नाही. पुढच्या आठवड्यात तू उन्हाळ्याच्या मध्यावरच्या सणाला येतोयस. सणाच्या मोठ्या शेकोटीपाशी ओन्नी आणि काले तुला गाठणारच. तेव्हा नीट पाठ करून ये: दोन रात्री राहिलास, होडी एका दमात नेलीस, मासा खडकाच्या डाव्या अंगाला लागला. बाबा तिथंच उभे असतील आणि तुझ्या तोंडाकडे बघत असतील. एक शब्द चुकलास तर या वयात चारचौघांत ते खोटे पडतील. होडी मी वाहिली. आता ही थाप तू वाहा, आणि ती मध्ये कुठे खाली ठेवू नकोस.

तुझ्या जागी जाऊन आलेली, तरी तुझीच बहीण,
आईली