वरच्या मजल्याची तार

सोमवार, ४ मार्च

वही, तुझ्यासारखी विसरभोळी मी पाहिली नाही. काल एवढं सगळं सांगितलं, आणि आज पुन्हा तारखेपासून सुरुवात! बरं, घे. मी सांगते, सून लिहिते. मला अक्षरं येत नाहीत, तिला गप्प बसता येत नाही — दोघींचं भागतं.

आज ठरलं. घरावर सोलर बसवायचं. सून विजेचीच इंजिनीयर, लोकांच्या कारखान्यांना करून देते. आता स्वतःच्या घराला करणार. कारण एकच — वरच्या मजल्यावर राहणारी माझी धाकटी जाऊ. तिची फुप्फुसं थकलीत. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, आणि ते चालतं विजेवर. गेल्या महिन्यात दुपारभर वीज नव्हती. ओठ निळे पडले होते म्हणे. ‘म्हणे’ — कारण आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी, तेही डॉक्टरांकडून. एका घरात राहून!

आमचं बोलणं बंद आहे. कशावरून बिनसलं ते मला आता धड सांगताही येणार नाही. राग तेवढा नीट जपलाय.

गुरुवार, ७ मार्च

सूनबाईने जेवणाच्या टेबलावर भलामोठा कागद पसरला. आम्ही भात मांडीवर घेऊन खाल्ला.

घरात तीन तारा येतात. लाल मुलाच्या सुतारकामाच्या शेडला, पिवळी आम्हाला, निळी वर. तिन्हींवर भार सारखा हवा. मला समजावं म्हणून म्हणाली, तीन सुना असल्या तर एकीच्याच डोक्यावर सगळं टाकून चालेल का? मी म्हटलं, एकच आहे, तिच्याच डोक्यावर टाकलंय की आम्ही. इथे तिने पेन थांबवलं. लिही, लिही!

मग बॅटरीवर काय चालवायचं यावरून जुंपली. मुलाला त्याची करवत हवी. सून म्हणाली, करवत सुरू होतानाच इतकी वीज ओढते की सगळंच बंद पडेल. तो फुगून उठला. मी म्हटलं, पहिली तार वर जाऊ दे. जाऊची पुढची खोली, खिडकीजवळचा पलंग, त्याच्या उशाचा प्लग. मग उरलं तर फ्रीज, स्वयंपाकघरातला दिवा, आणि माझा पंखा. मी काही साध्वी नाही.

सूनबाईने त्या प्लगभोवती लाल गोल काढला.

शुक्रवार, ८ मार्च

माझ्या डोक्यावर, वरच्या मागच्या खोलीत, हल्ली सारखं काहीतरी घूंघूं करत असतं. जुना फ्रीज ठेवला असणार. मला खिजवायला!

बुधवार, १३ मार्च

गच्ची जाऊच्या वाटणीची, म्हणून सून विचारायला गेली. तिला दारातच उभं ठेवलं. शिवाय ऐकवलं — गच्ची घ्या, उपकार नकोत. श्वास पुरत नाही, पण टोमण्याला पुरतो.

मग जाऊने एकच गोष्ट विचारली. गावची वीज गेली आणि कुणी खांबावर चढलेला असला, तर आपली वीज उलटी त्याच्या तारेत जाईल का? सून म्हणाली, नाही काकू, वीज गेली की आपलं यंत्र पहिल्यांदा बाहेरची वाट बंद करतं. मगच बॅटरीवरून घर चालवतं.

‘मग बसवा,’ म्हणाली.

माझे दीर लाइनमन होते. जन्म खांबावर गेला. संध्याकाळी सायकलची घंटा वाजेपर्यंत ही जिन्यात उभी असायची, पदराचं टोक पिळत. मी पाहिलंय ना!

वही, मला तो प्रश्न सुचला नव्हता. बरं झालं तिला सुचला. बरं झालं, असं माणूस आपल्या घरात आहे.

मंगळवार, २६ मार्च

गच्चीवर निळ्या काचा लागल्या. जिन्याखाली बॅटरी आली. नातीने तिचं नाव ‘आजी’ ठेवलंय — दिवसभर बसून असते, अडचणीला कामी येते. कार्टी माझ्यावर गेलीय. देवाचे आभार.

शनिवार, ३० मार्च

वही, आज नीट बसून ऐक.

सकाळी चाचणी. सूनबाईने मेन स्विच पाडला. स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकलासुद्धा नाही, माझा पंखा फिरत राहिला. मुलाने टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या डोक्यावरची घूंघूं थांबली! काय शांत वाटलं.

मग वरून टीं टीं टीं.

फ्रीज असा ओरडत नाही.

जिना कसा चढले ते गुडघ्यांना विचारा. पुढची खोली रिकामी, पलंगावर चादर घातलेली. मागच्या खोलीत गेले — ती उशीला टेकून बसलेली, तोंड उघडं, मशीन बोंबलतंय. मी खिडकीतून खाली ओरडले, चालू कर! माझा भोंगा गल्लीभर जातो, सूनबाईने लगेच मेन उचलला. घूंघूं सुरू झाली. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

मी तिची पाठ चोळत बसले. बऱ्याच वेळाने तिला श्वास आला.

“ओरडू नका जाऊबाई. इथे सगळं ऐकू येतं.”

“सगळं म्हणजे?”

“रोजनिशी. रोजची.” थांबून श्वास घेतला. “ती ऐकायलाच तर खोली बदलली.”

वही, मी हळू आवाजात ‘पाणी देऊ का?’ विचारलं. हे पहिल्यांदाच घडलं, तारीख लक्षात ठेव.

रविवार, ३१ मार्च

सूनबाईने कागद पुन्हा टेबलावर घेतला आणि तार मागच्या खोलीत नेली. आज स्वतः वर जाऊन प्लगला हात लावून आली. सारखी म्हणते, चूक माझी, मी बघायला हवं होतं. मी म्हटलं, नकाशा माझ्या तोंडून काढलास, आणि मी कितीतरी वर्षं त्या खोल्यांत पाऊल टाकलं नव्हतं.

दुपारी पुन्हा मेन पाडला. मी वर, मशीनजवळ. मशीन चालूच राहिलं. जाऊ म्हणाली, “पंखाही चालतोय का तुमचा? नाहीतर पुन्हा ओरडाल.”

सूनबाई, तुझे आभार मानायचेत. हे लिही. नाही म्हणू नकोस, लिही.

शुक्रवार, १२ एप्रिल

वही, अक्षर वेगळं दिसलं म्हणून दचकू नकोस. आज जाऊ लिहितेय. म्हणते, जाऊबाई सांगतात त्यातलं निम्मं खोटं, पण अक्षर माझं असल्यावर शोभून दिसेल. संध्याकाळपासून सगळ्या गल्लीची वीज गेलीय. आमची घूंघूं चालू आहे.

खाली हाक मारतेय, तेही लिहून घे — सूनबाई, मऊ भात आणि दूध पाठव. उकडलेली अंडीही. हिला मीठ बेताचं. दोन ताटं नकोत, एकच मोठं पाठव.