गांडुळाकडून मिळालेली शिक्षा

आई, तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसलं चिडायचं, पण दुसऱ्या कुणावर चिडले तर ते ऐकून घेणार नाहीत. जन्मभर तू लहान मुलांना शिकवलंस, आणि मी तुझ्याच पेशात आले तेव्हा तुझ्याकडून सल्ला काय मिळाला, तर "अगं, मुलांना समजतं सगळं, तू मध्ये मध्ये करू नकोस." बस्स. नाही समजत, आई. गोष्ट समजते. गोष्ट नसली की यांचं गाडं जागच्या जागी अडतं, आणि माझ्या तिसरीच्या वर्गात सध्या गोष्ट नाही, गांडूळ आहे.

आमच्या हिंदी शाळेच्या पुस्तकात दीड पानाचा धडा आहे, केंचुआ. कुणी राजा नाही, कुणी जंगलात हरवत नाही. गांडूळ माती खातं, जमीन भुसभुशीत करतं, त्याला डोळे नसतात, ते त्वचेतून श्वास घेतं, संपला धडा. पहिल्या दिवशी वाचून झालं आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसली. मग एकानं विचारलं, "फिर क्या हुआ, मैम?" मी म्हटलं, कुछ नहीं हुआ, मिट्टी खाता है. "और फिर?" और मिट्टी खाता है. वर्गात सगळ्यात सफाईनं वाचणारा एक मुलगा आहे, कुणी पाहुणे आले की त्यालाच उभं करतात. त्याला विचारलं, केंचुआ साँस कैसे लेता है? "नाक से." अरे, आत्ता तूच वाचलंस ना, त्वचेतून म्हणून? "जी मैम, लेकिन साँस तो सब नाक से ही लेते हैं." मी कपाळाला हात लावला. म्हणजे वाचायचं ते तोंडानं, आणि उत्तर द्यायचं ते आधीच ठरलेलं.

अशा वेळी मला नदीकाठच्या राजा घाटाजवळचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी दुसरी पास झाले म्हणून तू मला बक्षीस दिलंस ते काय, तर नव्या कुकरबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक. शेजारच्या मुलीला बाहुली मिळाली होती. मी आधी रडून घेतलं, मग वाचलं, आणि येऊन सांगितलं की छान आहे. तू कणीक मळते आहेस, मान वर करत नाहीस. "छान आहे की नाही ते मी विचारलं नाही. पढून झालं ना? मग शिट्टी लावायच्या आधी काय बघायचं ते सांग." मला सांगता येत नाही. तीन वेळा तू मला परत पाठवलंस. चौथ्यांदा मी म्हटलं, आधी वाफ सरळ वर आली पाहिजे, मगच शिट्टी. तेव्हा तू हात धुतलेस, कुकर चढवलास आणि वाफ येईपर्यंत मला तिथंच उभं केलंस. कागदावरचं वाक्य खरं होताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ही युक्ती आहे, असं तू कधी म्हणाली मात्र नाहीस. मला वाटायचं, तू फक्त खडूस आहेस.

मग मीही बरणीत ओली माती आणि चार गांडुळं घालून वर्गात नेली. एक वाक्य वाचायचं आणि बरणीत बघायचं. दोन आठवडे हेच. एक मुलगी आहे, तिचे वडील घाटावर नाव चालवतात. ती वाचताना दर तिसऱ्या शब्दाला अडखळते, तिला कुणी पाहुण्यांपुढे उभं करत नाही. मी बरणीवर टॉर्च धरला, गांडूळ अंग चोरून मातीत शिरलं, आणि ती म्हणाली, "मैम, इसमें तो लिखा है आँख नहीं होती. फिर रोशनी से भागा कैसे?" आई, मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. धड्यात याचं उत्तर नव्हतं, आणि ते नाही हे तिनं स्वतः दोनदा वाचून मला सांगितलं.

आणि मग आली ती शिक्षा. बडी मैडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, तपासणीला साहेब येणार आहेत, प्रत्येक धड्याखाली "इस पाठ से मिलने वाली शिक्षा" लिहिलेली हवी. तुला माझी चौथीतली वही आठवत असेल. "इस पाठ से तुम्हें क्या शिक्षा मिली?" असं विचारलं होतं, म्हणजे बोध काय घेतलास; मी आपल्या घरच्या मराठीच्या भरवशावर, शिक्षा म्हणजे मार असं धरून, उत्तर लिहिलं होतं, "मुझे कोई शिक्षा नहीं मिली." मास्तरांनी हातावर पट्टी मारली आणि मग मात्र मिळाली. तू पोट धरून हसलीस, आणि हसून झाल्यावर, शब्दाचा अर्थ न विचारता पुढं गेलीसच कशी, म्हणून मला वेगळी बोलणी खायला लागली. मैडमना मी सांगून पाहिलं की हा माहितीचा धडा आहे, गांडूळ कुणाला उपदेश करत नाही. त्या म्हणाल्या, "अरे, एक लाइन लिखवा दीजिए न, आपका क्या जाता है?" माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. मी फळ्यावर लिहिलं, "हमें केंचुए की तरह चुपचाप अपना काम करते रहना चाहिए।" सगळा वर्ग माना खाली घालून उतरवायला लागला. एकालाही प्रश्न पडला नाही, असं मी धरून चालले.

काल साहेब आले. वह्या चाळता चाळता त्या मुलीच्या वहीवर थांबले. "शिक्षा" एवढं लिहून पुढची ओळ कोरी होती. "क्यों बेटा, ये क्यों नहीं लिखा?" ती उभी राहिली. "सर, ई पाठ में नहीं है. हम दो बार देखे हैं." आई, एवढ्या एका वाक्यासाठी मी वर्षभर घसा कोरडा केला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मैडमनी पाहिलं. मी म्हटलं, "भूल गई होगी, सर."

ती खाली बसली, शेजारणीची वही ओढून घेतली आणि ती ओळ उतरवून टाकली, एकही शब्द न अडखळता. साहेबांनी खाली सही केली, "बहुत बढ़िया" म्हणाले, आणि जाताना मैडमजवळ माझ्या वर्गाची तारीफ केली.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून सगळं लिहिलं. तू समोर असतीस, तर साहेब खूश झाले, एवढंच सांगितलं असतं.