एक पाऊस होऊ दे

प्रिय इल्मो,

शनिवारी तू हेलसिंकीहून निळ्या गाडीसाठी नवी बॅटरी घेऊन येणार आहेस. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. फोनवर ती जिभेवर येऊन परत जाते, म्हणून लिहायला बसलो.

आज सकाळी अंगणातलं गवत गारठून पांढरं झालं होतं. मी कोठार उघडलं आणि गाडी हिवाळ्यासाठी बांधायला घेतली. खरं तर करण्यासारखं काही नव्हतंच. मागच्या ऑक्टोबरपासून ती जागची हललेली नाही. चाकांखालचे ठोकळे तिथेच, उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत कोंबलेला बोळाही तिथेच. तरी मी सगळं काढलं आणि पुन्हा केलं. जुनं पेट्रोल उपसून टाकी नव्याने गच्च भरली, तेल बदललं, हँडब्रेक सैल आहे ना ते पाहिलं. शेजारचा वेइक्को कुंपणावर टेकून बघत होता. म्हणाला, "झोपलेल्याला उठवून पुन्हा झोपवतोस होय रे?"

स्टिअरिंगला तुझ्या आईची चिठ्ठी अजून बांधलेली आहे. 'बोळा काढ. बॅटरी माझ्या शिवणाच्या खोलीत आहे. तौनो, आधी चष्मा लाव.' दर शरदात ती अशी चिठ्ठी लिहायची, कारण वसंत येईपर्यंत मी सगळं विसरलेला असायचो. शाळेतही तेच. पानगळीची एक कविता मास्तर उभं करून म्हणायला लावत, आणि हेल्वी, तुझी आई, मागच्या बाकावरून मला ओळी पुरवायची. आज कोठारात ती कविता म्हणून पाहिली. तिसऱ्या कडव्यात अडलो, आणि सवयीने वाट बघत उभा राहिलो.

इल्मो, बॅटरी उत्तम आहे. उन्हाळ्यात गाडी का काढली नाही असं तू विचारलंस, तेव्हा बॅटरी गेली असं मी खोटं सांगितलं. एप्रिलच्या शेवटी तुझी आई उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "तौनो, गाडीतून तळ्यापर्यंत ने ना. बर्फ फुटताना बघायचाय." रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं हिवाळ्याचं मीठ अजून तसंच होतं. मीठ गाडीचा पत्रा खातं. ते पावसाने धुऊन गेल्याशिवाय मी ही गाडी चाळीस वर्षांत कधी बाहेर काढलेली नाही. मी म्हणालो, "एक पाऊस होऊ दे." ती हसली. "बरं बाबा, जप माझ्या सवतीला." चौथ्या दिवशी ती गेली. सहाव्या दिवशी पाऊस आला आणि रस्ते लख्ख झाले. तुम्ही सगळे तिच्या कपड्यांच्या घड्या घालत होतात, आणि मी खिडकीतून तो रस्ता बघत होतो. त्यानंतर मला किल्ली हातात धरवली नाही. आई शेवटी काही मागत होती का, असं तू तेव्हा विचारलं होतंस, आणि मी नाही म्हणालो होतो. म्हणून हे पत्र. बॅटरी आणू नकोस, तू ये. आणि हे वाचून यावंसं वाटलं नाही, तर दोन ओळी लिही. मी कॉफी एकट्यापुरती ठेवीन.

रागावलास तरी तुझाच,
बाबा